मेस्त्री सरांची बाव आणि माझ्या दोन खिडक्या

मोहन मेस्त्रींचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. सोमवार, सकाळचे पावणेनऊ. प्रयोगशाळेत मी मुलांच्या प्रॅक्टिकलसाठी सर्किटचे बोर्ड मांडत होते आणि फोनवर अनोळखी नंबर. "रोझलिन मॅडम काय? मी मोहन मेस्त्री बोलतंय. सुधाकराचो भाव." ज्या भावाशी मेस्त्री सर सहा वर्षं बोलत नव्हते तो भाऊ मला का फोन करतोय, एवढंच माझ्या डोक्यात आलं. "सुधाकर गेलो, बाय," ते म्हणाले. "पहाटे. छातीत दुखता म्हणालो. गाडी दारात आणीपर्यंत..." मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. मुलं दारात येऊन उभी होती, कुणीतरी स्टूल पुढे केलं. आणि लिहायला लाज वाटते, पण मनात आलेली पहिली गोष्ट दुःख नव्हती. पहिली गोष्ट ही आली, की स्टाफरूममध्ये मी सरांना जे वाक्य बोलले होते ते आता परत घेता येणार नाही.

ते वाक्य सांगणार आहे. पण आधी माणूस सांगायला हवा, नाहीतर वाक्याचं वजन कळणार नाही. सुधाकर मेस्त्री हे मालवणच्या आतल्या बाजूच्या एका वाडीतले, सुतारांच्या घरातले. वडील होड्यांची डागडुजी करायचे आणि विहिरींसाठी लाकडी कप्प्या करून द्यायचे. मुलगा शिकला, बेंगळुरूला गेला आणि सोळा वर्षं एका कंपनीत मेमरी चिपची रचना करत राहिला. आई पडली आणि अंथरुणाला खिळली, तेव्हा बायकोला घेऊन गावी परत आला आणि आमच्या छोट्या पदविका कॉलेजात शिकवायला लागला. लोकांनी नाकं मुरडली. एवढी नोकरी सोडून इथं कशाला म्हणून विचारणाऱ्यांना सर सांगायचे, "थय मी चिप करी होतंय. हय ती समजणारी पोरां करूया." आई दोन वर्षांनी गेली. सर राहिले. मी त्यांच्याहून बारा वर्षांनी लहान, आमच्या किरिस्तावांच्या वाड्यातली, तोंडानं फटकळ. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं, "गो, तू मालवणी बोलतंस मा? मगे माझ्याकडे हापिसातला मराठी कित्याक बोलतंस?" तेव्हापासून ते मला रोझी बाय म्हणायला लागले आणि आमचं सगळं बोलणं मालवणीत सुरू झालं. सरांचं तसंच होतं. प्राचार्यांशी, पालकांशी, परीक्षा घ्यायला येणाऱ्यांशी स्वच्छ प्रमाण मराठी, आणि जो आपला वाटला त्याच्याशी मालवणी. सर तुमच्याशी कुठल्या भाषेत बोलतात यावरून तुम्ही त्यांचे किती ते कळायचं.

आमच्या अभ्यासक्रमात 'ड्युअल पोर्ट सिंक्रोनस मेमरी' नावाचा एक अर्ध्या पानाचा भाग आहे. साधी मेमरी म्हणजे माहिती ठेवायची जागा आणि तिच्याकडे जायला एकच दार. या मेमरीला दोन दारं असतात, म्हणजे दोन वेगवेगळी यंत्रं एकाच साठ्यात एकाच वेळी लिहू-वाचू शकतात. मी पाच वर्षं तो भाग शिकवत होते आणि खरं सांगायचं तर मला तो समजलेला नव्हता. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! इंग्रजी पुस्तकातली आकृती फळ्यावर उतरवायची, बाणांना नावं द्यायची, 'परीक्षेत येतं' म्हणून सांगायचं आणि हात झटकायचे. एकदा सर माझ्या तासाला मागच्या बाकावर येऊन बसले. तास संपला तेव्हा टीका नाही, सल्ला नाही. म्हणाले, "शनिवारी पोरांका घेऊन माझ्या घराक ये. बाव दाखवतंय." बाव म्हणजे विहीर. माझ्या धड्याचा आणि यांच्या विहिरीचा काय संबंध, असं मनात म्हणत मी अकरा मुलं घेऊन गेले.

मेस्त्रींच्या घराचे दोन भाग झालेत, सरांचं आणि मोहनचं. वाटण्या झाल्या तेव्हा विहीर नेमकी हद्दीवर आली. मग चिऱ्याची भिंत विहिरीच्या काठापर्यंत आणून थांबवली, पलीकडच्या काठापासून पुन्हा सुरू केली, आणि विहिरीवर मधोमध माडाच्या झावळ्यांचा एक झाप उभा केला. अलीकडे सरांची कप्पी, पलीकडे मोहनची. दोन्ही वडिलांच्या हातच्या. पाणी एक, घरं दोन. सर दोर हातात घेऊन मुलांना म्हणाले, "ही तुमची ड्युअल पोर्ट मेमरी. ह्या बाजून मी कळशी सोडलंय, त्या बाजून त्यांनी सोडली, तरी काय बिघडता? काय नाय. माझी हय, त्यांची थय. पण वैशाखात येवन बघा. पाणी तळाक जाता, मधल्या खड्ड्यात तेवढा उरता. तेवा दोघांचीय कळशी एकाच जाग्यार जाता आणि दोर गुंततत. चिपचा तसाच. दोघांनी एका वेळेक वाचला तर कोणाचा काय जात नाय. दोघांनी एकाच जाग्यार, एकाच वेळेक लिवला, की थय काय उरतला ता ब्रह्मदेवाकय सांगूक येवचा नाय."

मग त्यांनी आईची रीत सांगितली. कळशी सोडण्याआधी आवाज द्यायचा. "कळशी सोडतंय गोऽ" म्हणायचं, पलीकडून "सोड" आलं की दोर ढिला करायचा. चिपमध्येही अशी सोय असते, एक दार कामात असलं की दुसऱ्या दाराला 'थांब' असा इशारा जातो. मुलांच्या तोंडावर मी पहिल्यांदाच उजेड पाहिला. सिंक्रोनस म्हणजे काय ते सांगायला सरांनी दोन मुलांना दोन बाजूंच्या दोरांवर उभं केल्यासारखं समोरासमोर उभं केलं आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली. टाळी पडली तरच हात हलवायचा. टाळीच्या आधी तयार नसशील तर पुढच्या टाळीपर्यंत थांब. चिपमध्ये ही टाळी म्हणजे क्लॉक, सगळं काम त्या एकाच तालावर. हसत हसत चाललं होतं सगळं. तेवढ्यात एका मुलीनं विचारलं, "सर, आता पण आवाज देतात?" सरांनी पुन्हा दोर हातात घेतला. मग म्हणाले, "आता कप्पी वाजवतव." आणि योगायोग कसला म्हणायचा, त्याच वेळी झापापलीकडून कप्पी कडकड वाजली. सरांनी आपला दोर घट्ट धरून ठेवला. पलीकडची कळशी खाली गेली, भरली, वर आली, तोवर ते तसेच उभे होते. बांधाच्या हातभर जागेवरून झालेलं भांडण. दोघंही माणसं वाईट नाहीत. पण कित्येक वर्षं दोघं भाऊ एकमेकांना कप्पीच्या आवाजानंच ओळखत होते. सरांचा चेहरा मी त्या दिवशी पाहिला आणि पाहिला नाही असं दाखवलं.

त्यानंतर आम्ही पुस्तक लिहायला घेतलं. डिजिटल सर्किटवर मराठीत, आपल्या मुलांसाठी. कुणी मागितलेलं नव्हतं. सर म्हणाले, "आपल्या पोरांची अक्कल इंग्रजीन अडवन धरल्यान, बाय. आपण दार उघडूया." फाइल दोघांच्या कॉम्प्युटरवर एकाच सामायिक फोल्डरमध्ये होती. नेट असलं की एकीकडचं लिहिलेलं आपोआप दुसरीकडे जायचं. सरांच्या वाडीत नेटवर्क म्हणजे पाहुणा, आला तर आला. त्यामुळे ते घरी लिहायचे आणि सकाळी कॉलेजात लॅपटॉप उघडला की ते माझ्याकडे पोचायचं. आम्ही एक नियम केला होता, एकाचा धडा दुसऱ्यानं परस्पर बदलायचा नाही. फक्त ड्युअल पोर्ट मेमरीचा धडा दोघांचा ठेवला. सरांनी त्यात बाव लिहिली. दोन पानं. अगदी आईच्या आवाजासकट.

मीच घाण केली. कच्ची प्रत मी शहरातल्या एका मोठ्या प्राध्यापकांना दाखवली. त्यांनी बाकी कौतुक केलं आणि या धड्याशी आल्यावर हसून म्हणाले, तांत्रिक पुस्तकात विहिरी कशाला? ते हसणं मला झोंबलं. गावंढळ ठरायची भीती माझ्यासारख्या वाड्यातून आलेल्या बाईला फार. परत येऊन मी त्याच धड्यात, बावीच्या खाली, दुसरं उदाहरण लिहिलं. एक पोस्ट ऑफिस, भिंतीत पत्रांचे नंबर घातलेले खण, दोन बाजूंना दोन खिडक्या, दोन कारकून. नीटनेटकं, कुणी हसणार नाही असं. सर म्हणाले, "बरा आसा. पण पोस्ट आता खयच्या पोरान बघल्यान? बाव बघल्यानी." बाव काढून हेच ठेवू, म्हणून मी रेटत राहिले. ते शांतपणे नाही म्हणत राहिले. आणि मग, चहाची वेळ, स्टाफरूम भरलेली, मी मालवणी सोडून ठसक्यात म्हणाले, "सर, तुमच्या घरचं भांडण पुस्तकात छापून सगळ्या जिल्ह्याला कशाला दाखवताय?"

सरांनी पेनाला टोपण लावलं, पेन खिशाला अडकवलं. माझ्याकडे पाहिलं. "आपलं म्हणणं योग्य आहे, मॅडम," ते म्हणाले. "आपल्याला उचित वाटेल तसं करा."

मॅडम... आपण... ओरडले असते तर मी सुटले असते. सात आठवडे ते माझ्याशी त्याच भाषेत बोलले. "मॅडम, आपला तास आहे." "मॅडम, चाव्या कपाटात ठेवल्या आहेत." शब्दात कुठं खोट काढायला जागा नाही. नाताळाचं गोड, डबाभर दोदोल, नेऊन दिला तर "आभारी आहे". एरवी डबा हातातून ओढून घेऊन "माझ्या वाट्याक एवढोच?" म्हणणारा माणूस! माफी मागायची म्हणून मी तोंड उघडायचे, समोरून "बोला, मॅडम" यायचं आणि माझं तोंड मिटायचं. बोलताना मला कधी शब्द कमी पडले नाहीत, पण तेवढ्यापुरते पडले. मी एवढी मोठी चूक केली होती हेही मला हळूहळूच कळलं. सरांनी भांडण छापलं नव्हतं. त्या दोन पानांत भांडणाचा शब्दही नव्हता. होती ती भांडणाच्या आधीची बाव, आई आवाज देत होती तेव्हाची. ती त्यांना कुठंतरी शाबूत ठेवायची होती, आणि मी ती चव्हाट्यावरची भानगड करून टाकली.

शेवटी एका रविवारी चर्चमधून, मिस्साहून आले, साडी न बदलता कॉम्प्युटरपुढे बसले. म्हटलं, तोंडानं जमत नाही तर हातानं करू. माझं पोस्ट ऑफिस, खण, खिडक्या, कारकून, सगळं पुसून टाकलं. सरांची बाव, अक्षराचाही फरक न करता, तेवढीच धड्यात ठेवली. खाली एवढंच लिहिलं, "सर, हय बावच होई. माका माफ करा." तेव्हा दुपारचे तीन वाजून गेले होते. फोन करावासा वाटला, पण नाही केला. उद्या सकाळी कॉलेजात येतील, लॅपटॉप उघडतील, नेट लागेल, फाइल जुळेल आणि वाचतील. मी त्या वेळी प्रयोगशाळेतच असेन, मुद्दाम बोर्ड मांडत. हे सगळं मी मनात रंगवून ठेवलं होतं. सोमवारी बोर्ड मांडतच होते.

त्या दिवशी मी त्यांच्या घरी पोचले तेव्हा अंगण भरलं होतं. शेवटच्या आंघोळीसाठी पाणी काढायचं होतं. वैनी, म्हणजे सरांची बायको, खांबाला टेकून कोरड्या डोळ्यांनी बसली होती. मोहन झापापलीकडे, स्वतःच्या बाजूला विहिरीवर गेले. अलीकडून येऊन सरांच्या कप्पीवरून पाणी काढायला कुणी त्यांना अडवलं नसतं, पण ते आपल्याच बाजूला गेले. आणि मोठ्यानं, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असा आवाज दिला, "सुधाकराऽ, कळशी सोडतंय रे..." मग ते थांबले. खरंच थांबले, "सोड" ऐकू यायला जेवढा वेळ लागतो तेवढा. त्यानंतर कप्पी वाजली. वैनीचा बांध तेव्हा फुटला, आणि माझाही. कशाला थांबतात माणसं सहा सहा वर्षं? मला राग आला त्या माणसाचा, आणि त्याच क्षणी आठवलं की मी स्वतः सात आठवडे थांबले होते.

पाच आठवड्यांनी वैनी कॉलेजात आली. हातात सरांचा लॅपटॉप, चादरीत गुंडाळलेला. "ह्येच्यात तुमच्या पुस्तकाचा काय काय आसतला," ती म्हणाली. "तू बघ गो. त्या रविवारी दुपारभर हो पुढ्यात घेऊन बसलेले. जेवणाक हाक मारलंय तरी उठूक नाय." मी लॅपटॉप टेबलावर ठेवला, वायर लावली. कॉलेजचं नेट त्याला ओळखीचं होतं, आपोआप जोडलं गेलं. माझ्या कॉम्प्युटरवर फोल्डर उघडाच होता. दोन-तीन मिनिटांनी त्यात ड्युअल पोर्टच्या धड्याखाली आणखी एक फाइल उगवली. तेच नाव, पुढे सरांचं नाव आणि सूचना, की ही प्रत आधीच्या प्रतीशी जुळत नाही. तारीख त्याच रविवारची होती आणि वेळ दुपारी सव्वातीन.

उघडली. बाव नव्हती. दोन्ही पानं सरांनी स्वतःच्या हातानं काढून टाकली होती. तिथं माझं पोस्ट ऑफिस होतं, माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं लिहिलेलं. प्रत्येक खणाला नंबर, एका खिडकीतला कारकून अकरा नंबरच्या खणात पत्र ठेवतोय आणि त्याच ठोक्याला दुसरा तिथलंच पत्र काढतोय, तर त्याच्या हाती जुनं पत्र येईल की नवं? ते पोस्ट कसं बांधलंय यावर अवलंबून, म्हणून हे आधी ठरवून ठेवा, असं मुलांना बजावलेलं. आणि शेवटी माझ्यासाठी चार ओळी:

"रोझी बाय, तू म्हणालंस ता बरोबर आसा. बावीतल्या पाण्याक नंबर नसता, खयसून काढला तरी पाणी ताच. मेमरीत दर खणाक नंबर आसता, ता तुझ्या पोस्टातच दिसता. म्हणान बाव काढलंय. रागान नाय. माका पोरांका चिप शिकवची होती आणि मी माझा दुखणा शिकवी होतंय. उद्या चाय घेवक ये, मगे बोलूया."

मी पुन्हा पुन्हा वाचलं. सात आठवड्यांनंतरची मालवणी. वैनी माझ्या तोंडाकडे बघत होती. "काय लिवल्यानी गो?" तिनं विचारलं.

"चायेक बोलवल्यानी," मी म्हटलं. मग तिला सगळं वाचून दाखवलं. ती ऐकत राहिली आणि अर्ध्यावर हसली, डोळे पुसत हसली. "बाव काढल्यानी? ह्येंका बाव सोडून दुसरा काय सुचाचा तरी काय!" जाताना मला जवळ घेऊन म्हणाली, "तुझ्यार राग धरून गेले नाय गो. तू मनाक लावन घेव नको."

नाही लावून घेत, असं मी तिला सांगितलं. खोटं सांगितलं. त्यांचा राग गेला होता, हे मला कळलं. पण माझं काय? मी वाक्य परत घेतलं होतं, बाव जागेवर ठेवली होती, माफी मागितली होती, हे त्यांना कुठं कळलं? त्या दुपारी आम्ही दोघं पाच-सहा मैलांच्या अंतरावर, एकाच धड्याच्या एकाच पानावर, एकाच वेळी बसलो होतो. मी माझं पुसत होते, ते त्यांचं पुसत होते. दोघांपैकी एकानं आवाज दिला असता, साधा एक फोन केला असता, तर त्या संध्याकाळी आम्ही मालवणीत यथेच्छ भांडलो असतो, की धड्यात बाव ठेवायची का पोस्ट. मी त्यांचं वाचलं. त्यांनी माझं वाचलं नाही. याच्यावर उपाय नाही आणि कुणी सांगूही नये.

पुस्तक आता पुरं करायचंय. मोहन मेस्त्री परवा कॉलेजात आले होते, सुधाकराचं पुस्तक कधी निघणार म्हणून विचारायला. पहिली प्रत माका होई, म्हणाले. सगळे धडे तयार आहेत, हा एक सोडून. सहकारी म्हणतात, दोन्ही उदाहरणं घाला, त्यात काय एवढं? घालीनही. पण त्यासाठी आधी दोन फाइलींची एक करावी लागते आणि एक केली की त्यांची ती वेगळी प्रत, त्यांच्या नावाची, त्या दुपारच्या वेळेची, राहणार नाही. रोज सकाळी मी प्रयोगशाळा उघडते, कॉम्प्युटर लावते आणि तो पडद्यावर विचारतो, या दोन प्रती जुळत नाहीत, कुठली ठेवू? खाली तीन बटणं असतात. माझी, त्यांची आणि 'नंतर'. मुलं यायला पाच-दहा मिनिटं असतात. मी त्यांच्या चार ओळी एकदा वाचते आणि 'नंतर' दाबते.